पुन्हाबाई

कॉलेजच्या दप्तरात बाईंचं खरं नाव काय लिहिलंय, ते एका हेडक्लार्कलाच ठाऊक. बाकी सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, पुन्हाबाई. सव्वीस वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा वात्रट तुकडीनं ते ठेवलं आणि ते असं चिकटलं, की एकदा त्याच नावानं टपाल आलं आणि बिनचूक त्यांच्याच टेबलावर पोचलं. बाईंना राग आला असेल? छे हो! त्यांनी ते पाकीट जपून खणात ठेवलं. अजून आहे.

हे कॉलेज शिक्षक घडवणारं. इथून बाहेर पडणारी मुलं-मुली उद्या शाळेत उभी राहणार. इतर प्राध्यापक त्यांना गणित कसं शिकवावं, भाषा कशी शिकवावी हे सांगत. बाईंचा विषय समावेशक शिक्षण. म्हणजे ज्याला कमी दिसतं, कमी ऐकू येतं, ज्याचा हात थरथरतो, ज्याला एका जागी बसवत नाही, अशी सगळी मुलं त्याच वर्गात, सगळ्यांच्या बरोबरीनं कशी शिकतील ते. पुस्तकात याच्या चार पानी व्याख्या आहेत. बाई पहिल्याच दिवशी पुस्तक मिटून विचारायच्या, "वर्गात मुलं चाळीस. एकोणचाळीस जणांना तुमचं शिकवणं पोचलं. आता मला सांगा, चाळिसावं कुठं बसलंय?"

कुणालाच सांगता यायचं नाही. तिथून बाईंचा अभ्यासक्रम सुरू.

त्यांच्या वर्गात एका शब्दावर बंदी होती. कुठला वाईट शब्द म्हणाल, तर तसं काही नाही. उलट जगातला प्रत्येक शिक्षक तो दिवसातून पन्नास वेळा वापरतो. "समजलं?" हा तो शब्द. "शिक्षक विचारतो समजलं का, मुलं सुरात म्हणतात होऽऽ, आणि दोघंही सुटतात," बाई म्हणायच्या. "अरे, ज्याला समजलं नाही त्याला काय समजलं नाही हेच समजलेलं नसतं. तो तुम्हाला काय सांगणार, कपाळ?"

सराव पाठात कुणाच्या तोंडून तो शब्द निसटला, की मागं बसलेल्या सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचं, "पुन्हा!" मग पाठ घेणाऱ्यानं खडू खाली ठेवायचा, दाराबाहेर जायचं, परत आत यायचं आणि पाठ पहिल्या वाक्यापासून सुरू करायचा. एका धिप्पाड पोरानं पहिल्या पाठात सात वेळा दार ओलांडलं. आठव्या वेळी तो बाहेरच बसला आणि पाणी मागायला लागला. "कळलं का" चालायचं नाही, "आलं ना लक्षात" चालायचं नाही. एक हुशार मुलगी तोंडानं काही न बोलता नुसत्या भुवया उंचावून विचारायला लागली, तर बाई म्हणाल्या, "भुवयांनी विचारलंस तरी पुन्हा!" मग विचारायचं काय? तर, "दाखव." किंवा, "तू काय केलंस ते मला सांग." बास. एवढ्या दोन वाक्यांवर बाईंनी सव्वीस वर्षं काढली.

हा नियम त्यांना कुठल्या पुस्तकात सापडला नव्हता. तो घरातून आला होता.

बाईंना एक धाकटा भाऊ. दोन वर्षांनी लहान. बाई दहा वर्षांच्या असताना रोज दुपारी त्या शाळा-शाळा खेळायच्या. बाई शिक्षिका, तो विद्यार्थी, कपाटाचं दार म्हणजे फळा. शिकवून झालं, की ऐटीत विचारायच्या, "समजलं?" तो मान हलवून म्हणायचा, "हो." मग बाई आईला जाऊन सांगायच्या, "आई, त्याला सगळं येतं. शाळेत मुद्दाम करत नाही. आळशी आहे नुसता." आईनं ते खरं मानलं. वडिलांनी मानलं. शाळेनं तर आनंदानं मानलं. तो अकरा वर्षांचा झाला, तेव्हा पडसं झालं म्हणून त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर पाठीमागून काहीतरी बोलले आणि त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही. दोन्ही कान अर्ध्याहून जास्त गेलेले. कधीपासून, देव जाणे. तोवर सगळी प्राथमिक शाळा त्यानं "हो" म्हणून काढली होती. पुढं दोन वर्षं कशीबशी ढकलली आणि शाळा सुटली ती सुटलीच.

आता तो सोफे आणि खुर्च्यांच्या गाद्या शिवतो. हात असा, की लोक गावाच्या दुसऱ्या टोकाहून जुन्या खुर्च्या घेऊन येतात. बाईंच्या वर्गातल्या खुर्च्यांना जे मोजे आहेत तेही त्यानंच शिवलेले. हो, मोजेच! खुर्ची सरकली की फरशीवर किर्र होतं, आणि कानात यंत्र लावलेल्या मुलाला त्या किर्रच्या पुढं शिक्षकाचा एक शब्द ऐकू येत नाही. म्हणून जाड्या नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे मोजे, शंभरेक पायांना. नवीन आलेला माणूस त्या खोलीत शिरला, की आधी खुर्च्यांच्या पायांकडे बघून हसतो. बाई त्याला हसू देतात आणि मग कारण सांगतात.

तर असं सगळं छान चाललेलं असताना कॉलेजला नवे प्राचार्य आले. माणूस वाईट नव्हता, पण वेळापत्रकावर त्यांचं भारी प्रेम. त्यांची नजर पडली ती नेमकी 'सोबत' या उपक्रमावर. बाईंच्या अभ्यासक्रमातला हा गाभा. प्रत्येक भावी शिक्षकानं एका शाळेत सलग सहा आठवडे एकाच मुलाशेजारी बसायचं. शिकवायचं नाही, सुधारायचं नाही. पहिले दोन आठवडे तर नुसतं बघायचं आणि वहीत लिहायचं. प्राचार्य म्हणाले, "बाई, सहा आठवडे फार होतात. शाळा कुरकुर करतात, इतर विषय मागं पडतात. दहा दिवसांची भेट ठेवू आणि एक अहवाल लिहून घेऊ. तेवढंच मिळतं ना त्यातून?"

"नाही मिळत," बाई म्हणाल्या.

"मग तपासणी समितीला पटवा. येत्या महिन्यात येतेय."

चार महिन्यांनी बाई निवृत्त होणार होत्या. सोबत एकदा बंद झाली की पुन्हा सुरू करायला कोण बसलंय? सव्वीस वर्षांची मेहनत एका सहीनं पाण्यात जाणार होती. त्या रात्रभर जागल्या वगैरे नाहीत, त्यांची झोप पहिल्यापासून गाढ. पण तो महिना त्या जेवताना कुणाशी धड बोलल्या नाहीत, हे त्यांच्या नवऱ्याला विचारा.

समितीपुढं पाठ घ्यायला त्यांनी 'घाई'ला निवडलं. ही पोरगी कॉलेजात येण्याआधी तिकीट खिडकीवर बसायची. रांगेला तोंड देऊन देऊन तिची जीभ अशी धावायची, की ऐकणाऱ्याला धाप लागावी. म्हणून नाव घाई. सोबतीसाठी बाईंनी तिला मुद्दाम अशा मुलाशेजारी बसवलं, ज्याला एक वाक्य बोलायला तीन-चार मिनिटं लागत. पहिल्या आठवड्यात घाई त्याची वाक्यं स्वतःच पुरी करून टाकायची. दुसऱ्या आठवड्यात एकदा तिनं तोंडावर हात दाबून धरला, तेव्हा कुठं कळलं, की तो वाक्याच्या शेवटी दर वेळी विनोद करत होता. आणि ही पोरगी तिथवर त्याला कधी पोचूच देत नव्हती! ती रडत बाईंकडे आली होती त्या दिवशी. बाई म्हणाल्या, "आधी विनोद सांग." दोघी हसल्या आणि मग पुन्हा रडल्या.

समिती आली. तिघं जण. त्यातले दोघं मान डोलवायला आणलेले असावेत. जे काही बोलायचं ते अध्यक्ष बोलत. उंच, किडकिडीत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. शेजारच्या शाळेतली पाचवीची वीस मुलं वर्गात बसवली होती, मागच्या भिंतीला चोवीस भावी शिक्षक. घाई खडू घेऊन पुढं झाली, तेवढ्यात अध्यक्षांनी हात वर केला.

"विद्यार्थ्यांचे पाठ पढवून घेतलेले असतात, तेवढं आम्हालाही कळतं. बाई, तुम्हीच घ्या की! अर्धा तास."

आली का पंचाईत! बाईंनी सव्वीस वर्षं दुसऱ्यांचे पाठ तपासले होते. समितीसमोर स्वतः पाठ घ्यायची वेळ कधी आली नव्हती. पण माघार घेतील तर त्या पुन्हाबाई कसल्या! घाईच्या हातातला खडू घेतला, तिला मागं बसवलं आणि सुरुवात केली. विषय अपूर्णांक. प्रत्येक मुलाला कागदाची एक लांब पट्टी. आधी अर्धा भाग. मुलांनी घड्या घातल्या, दाखवल्या. एकानं पट्टीची नाव करून ठेवली होती, तिचेही दोन भाग मोजून घेतले. मग बाई म्हणाल्या, "आता पाव भाग करा." झकास चाललं होतं. प्राचार्यांच्या चेहऱ्यावरसुद्धा बरं वाटल्याची खूण होती.

पण त्यांना घड्याळावर टिचकी मारायची सवय. बारा-तेरा मिनिटं झाली आणि त्यांनी ती मारली. टक टक. बाईंना आठवलं, अजून अर्धा पाठ बाकी आहे. त्या बाकांमधून भराभर फिरायला लागल्या. तिसऱ्या बाकावर दोन वेण्यांची एक मुलगी पट्टीवर दोन्ही तळवे ठेवून बसली होती. बाई वाकल्या आणि घाईघाईत म्हणून गेल्या,

"समजलं ना?"

"हो," मुलीनं पटकन मान हलवली. बाई पुढच्या बाकाकडे गेल्यासुद्धा.

मागच्या भिंतीपाशी चोवीस जणांनी श्वास रोखला. बाईंचे पाय तिथंच थांबले. शब्द त्यांनाही ऐकू आला होता, फक्त जरा उशिरा. आता करायचं काय? समितीला नियम ठाऊक नाही, प्राचार्यांना ठाऊक असून आठवत नाही. पाठ पहिल्यापासून सुरू केला तर तो अर्धवट राहणार, आणि अर्धवट पाठ बघून समिती सोबतीवर काट मारणार. नुसतं पुढं जायचं, बास. कुणाला पत्ता लागला नसता. खरं सांगायचं तर बाईंनी एक पाऊल पुढं टाकलंही होतं.

"पुन्हा," मागून आवाज आला.

एकटाच आवाज. बाकीचे तेवीस मूग गिळून बसलेले. घाई उभी राहिली होती, चेहरा पांढराफटक. तिचे गुण प्राचार्यांच्या हातात, आणि प्राचार्य तिच्याकडे डोळे वटारून बघत होते. "खाली बस!" ते म्हणाले.

"बाई," घाई या वेळी अगदी सावकाश म्हणाली, "पुन्हा."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्या क्षणी त्यांना तिचा काय राग आला म्हणून सांगू! आणि लगेच लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग अभिमान. त्यांनी खडू खाली ठेवला. दाराबाहेर गेल्या. अध्यक्षांना वाटलं, बाईंना बरं वाटत नाहीये. ते अर्धवट उठले, तोवर बाई परत आत.

"मुलांनो, मघाशी माझं चुकलं. मी तुम्हाला समजलं का विचारलं, बघितलं नाही. सगळ्यांनी पट्ट्या उलगडून बाकावर ठेवा आणि हात मांडीवर घ्या."

वीस पट्ट्या उलगडल्या. दोन वेण्यांची हात काढेना. बाई तिच्यासमोर गुडघ्यावर बसल्या, चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर आणून म्हणाल्या, "दाखव. काय केलंस ते मला बघायचंय."

मुलीनं तळवे उचलले. पट्टीवर चार घड्या, अगदी सारख्या अंतरावर. पाच भाग.

मागं कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पदरचं काही न सांगता एवढंच विचारलं, "मी किती भाग करायला सांगितले?"

"पाच," मुलगी पुटपुटली.

बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. पाव आणि पाच! ज्या कानाला बारीक आवाज पोचत नाहीत, त्याला शेवटचा 'व' काय नि 'च' काय! दोन्ही शब्दांत त्याला एकच ऐकू येतं, 'पा'. पुढचं त्यानं स्वतः जुळवायचं. बाई उठून तिच्या पाठीमागं गेल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "तुझी वेणी सुटलीय." शेजारच्या चार मुलींचे हात आपापल्या वेणीला गेले. ती मुलगी समोर बघत राहिली.

तिच्या शाळेच्या शिक्षिका दाराशी उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "गणितात कच्ची आहे हो ती. आणि लाजाळू."

"कच्ची?" बाई एवढ्या जोरात म्हणाल्या, की मान डोलवणारे दोघंही दचकले. "मोजपट्टी न घेता पाच सारखे भाग केलेत पोरीनं! तुम्ही करून दाखवा!"

नंतर त्यांनी समोर येऊन फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'पाव' लिहिलं, तिच्या पट्टीची नवी घडी घातली, आणि तोवर अर्धा तास संपला. पाठ अर्धाच झाला होता.

मुलं गेल्यावर अध्यक्षांनी चष्मा पुसला. "बाई, पाठ अपुरा राहिला. तसा शेरा मला लिहावा लागेल."

"लिहा."

"आता दहा दिवसांचं बोलू. दहा दिवस शाळेत राहून या भावी शिक्षकांना असं मूल ओळखता येणार नाही?"

बाईंनी महिनाभर पाठ केलेलं भाषण होतं. आकडे होते, तक्ते होते. त्यांतलं एक अक्षर आठवलं नाही. त्या म्हणाल्या, "साहेब, मी सव्वीस वर्षं हेच करतेय. ती माझ्या समोर होती आणि मी 'हो' ऐकून पुढं गेले. मला तिनं चकवलं, तर या पोरांना दहा दिवसांत कशी सापडेल? मुलं हुशार असतात हो. नाही समजलं हे लपवण्यात तर फारच हुशार. त्यांच्याशेजारी इतकं बसावं लागतं, की त्यांना लपवायचा कंटाळा येईल. सहा आठवडेसुद्धा मला कमीच वाटतात."

अध्यक्षांनी फाईल मिटली. मग प्राचार्यांना म्हणाले, "सहा आठवडे राहू द्या. वेळापत्रकाचं तुम्ही बघा, तुमचा हातखंडा आहे." आणि मागच्या भिंतीकडे वळून त्यांनी तोंड उघडलं, "तर मुलांनो, आज जे पाहिलंत ते सम..." आणि तिथंच थांबले. चोवीस जण त्यांच्याकडे टक लावून बघत होते. "नको बाबा," अध्यक्ष म्हणाले, "मला या वयात दाराबाहेर जायला लावाल." तेव्हा प्राचार्यही हसले. जाता जाता त्यांनी घाईच्या पाठ टाचणाच्या वहीवर सही केली. बाईंनी दोन वेण्यांच्या मुलीच्या शिक्षिकेला कानाच्या डॉक्टरांचा पत्ता दोनदा लिहून दिला, एक हातात आणि एक पर्समध्ये.

संध्याकाळी बाई भावाच्या दुकानात गेल्या. तो शिलाई यंत्रावर होता, एक तळवा यंत्राच्या अंगावर टेकवून. यंत्र बरोबर चाललंय की नाही ते त्याला तळव्याला कळतं. तो वर बघेपर्यंत बाई थांबल्या. मग त्याच्यासमोर उजेडात बसून त्यांनी सगळं सांगितलं.

"पाच भाग?" त्याचा चेहरा उजळला. "सोपं नाही गं ताई ते. मलासुद्धा टेप लागतो."

बाई हसल्या. मग एक प्रश्न, जो त्यांनी अठ्ठेचाळीस वर्षांत एकदाही विचारला नव्हता, तोंडातून निघून गेला. "तू तेव्हा हो का म्हणायचास रे? आपण शाळा-शाळा खेळायचो तेव्हा?"

त्यानं कात्री शोधली. ती हातातच होती.

"तू हसायचीस ना," तो म्हणाला. "मी हो म्हटलं की तू हसायचीस. मला ते आवडायचं."

बाईंना त्याच्याकडे बघवेना. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं, डोळे पुसले आणि भिंतीलाच म्हणाल्या, "माझं चुकलं रे. आळशी नव्हतास तू. मीच सांगितलं होतं आईला."

"हो," भाऊ म्हणाला.

बाई गर्रकन वळल्या. "काय ऐकलंस?"

"काही नाही. तोंड फिरवलं होतंस की तू."

"मग हो कशाला म्हणालास?"

तो नुसता हसला, सवय म्हणून. बाईंनी खुर्ची त्याच्याजवळ ओढली, तिचा आवाज झाला नाही. चेहऱ्यावर नीट उजेड पडेल अशा बसल्या आणि त्याच्या डोळ्यांत बघत, पहिल्या शब्दापासून, पुन्हा सांगितलं.